काचेवरचा काळ : आउगुस्ट सान्डर यांची व्यक्तिचित्रे आणि वर्गीकरणाचा प्रश्न

१

'व्यक्तिचित्र' ही संज्ञा मराठी समीक्षेत दोन कलाव्यवहारांसाठी वापरली जाते. चित्रकाराने किंवा छायाचित्रकाराने घडविलेली एखाद्या माणसाची प्रतिमा हा तिचा एक अर्थ. 'माणदेशी माणसं' (१९४९) किंवा 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) यांसारख्या पुस्तकांनी रूढ केलेला लेखनप्रकार हा दुसरा. दोन्ही ठिकाणी एकच पेच असतो. चित्रित माणूस एकमेव असतो, त्याच्या जागी दुसरा कोणी बसविता येत नाही. त्याच वेळी तो एखाद्या प्रदेशाचा, जातीचा, व्यवसायाचा वा वर्गाचा नमुना म्हणूनही वाचला जातो. ललित लेखनात हा पेच निवेदकाच्या भाषेमुळे सौम्य होतो. तपशिलांची निवड, विनोद, करुणा आणि भाष्य यांच्या साहाय्याने लेखक नमुन्यातून माणूस पुन्हा वेगळा काढू शकतो. छायाचित्राजवळ निवेदकाचा असा आवाज नसतो. चौकट, प्रकाश, काही क्षणांचा काळ आणि खाली छापलेले शीर्षक एवढीच त्याची सामग्री. त्यामुळे व्यक्ती आणि नमुना यांतील ताण छायाचित्रात अधिक उघडा पडतो.

जर्मन छायाचित्रकार आउगुस्ट सान्डर (१८७६–१९६४) यांनी हा ताण आपल्या आयुष्यभराच्या कामाचा पाया केला. 'विसाव्या शतकातील माणसे' या त्यांच्या प्रकल्पात शेतकरी, कारागीर, स्त्री, वर्ग आणि व्यवसाय, कलावंत, महानगर आणि 'शेवटची माणसे' असे सात गट योजलेले होते. हा प्रकल्प त्यांच्या हयातीत पूर्ण झाला नाही. त्यातील साठ छायाचित्रांचे 'काळाचा चेहरा' हे पुस्तक १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याला कादंबरीकार आल्फ्रेड डोब्लिन यांची प्रस्तावना होती. संपूर्ण योजनेची कल्पना देणारा ग्रंथ मात्र सान्डर यांच्या मृत्यूनंतर, १९८० मध्ये निघाला.

या कामाविषयीची समीक्षा प्रामुख्याने दोन दिशांनी गेली आहे. एका दिशेने पाहता सान्डर हे तटस्थ निरीक्षक ठरतात, आणि त्यांची चित्रे समाजाचा अभिलेख. दुसऱ्या दिशेने पाहता ते वर्गीकरणाच्या सत्ताव्यवहारात अडकलेले छायाचित्रकार ठरतात, आणि त्यांची चित्रे त्या व्यवहाराचा पुरावा. दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे : अर्थाची निर्मिती छायाचित्रकाराकडे, व्यवस्थेकडे किंवा प्रेक्षकाकडे सोपविली जाते. चित्रित माणसाने त्या चित्रात काही केले आहे, ही शक्यता विचारात घेतली जात नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, सान्डर यांच्या चित्रांतील अर्थाचा एक मोठा वाटा चित्रित व्यक्तीच्या कृतीतून येतो. त्या कृतीला अवकाश मिळतो तो काचेच्या प्लेटवर चालणाऱ्या जुन्या, संथ कॅमेऱ्यामुळे. आणि ती कृती ध्यानात घेतल्याशिवाय वर्गीकरणाच्या प्रश्नाचे न्याय्य उत्तर देता येत नाही.

२

सान्डर यांनी वापरलेले साधन त्यांच्या काळातही जुने होते. १९२४ मध्ये जर्मनीत एर्मानॉक्स हा अतिशय वेगवान भिंगाचा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि एरिक सालोमन यांनी त्याच्या साहाय्याने न्यायालयांतील व राजनैतिक परिषदांतील बेसावध क्षण टिपले. १९२५ मध्ये लाइप्त्सिकच्या जत्रेत लायका हा कॅमेरा सादर झाला. गुंडाळलेली फिल्म, खिशात मावणारा आकार आणि सेकंदाच्या अंशात उघडमीट करणारा पडदा यांमुळे माणसाला त्याच्या नकळत टिपणे शक्य झाले. पुढील काही दशकांतील छायाचित्रकलेचे सौंदर्यशास्त्र मुख्यत्वे या नकळत टिपलेल्या क्षणाभोवती उभे राहिले.

सान्डर यांनी हा मार्ग घेतला नाही. ट्रायपॉडवर उभा केलेला लाकडी पेटीचा कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि नैसर्गिक प्रकाश ही त्यांची साधने कायम राहिली. या प्लेटांवरील ऑर्थोक्रोमॅटिक लेप तांबड्या प्रकाशाला जवळजवळ प्रतिसाद देत नाही. त्यामुळे उन्हाने रापलेली कातडी, ओठ, गालावरचे डाग आणि सुरकुत्या डोळ्यांना दिसतात त्याहून अधिक गडद उमटतात. स्टुडिओच्या धंद्यात या 'दोषा'वर उपाय ठरलेला होता : निगेटिव्हवर पेन्सिल चालवून चेहरा नितळ करणे. सान्डर यांनी प्रकल्पातील चित्रांसाठी हे टचिंग टाळले. ऑस्ट्रियातील लिंत्स येथे स्टुडिओ चालवीत असताना ते स्वतः चित्रकलेचा आभास निर्माण करणाऱ्या मऊ, धूसर छपाईत निष्णात होते. १९२० नंतर त्यांनी ती सोडली आणि यंत्रांच्या व इमारतींच्या छायाचित्रांसाठी वापरला जाणारा गुळगुळीत, चकचकीत कागद माणसांच्या चेहऱ्यांसाठी वापरला.

या बदलामागची पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. १९१० च्या सुमारास कोलोन शहरात स्थिरावल्यावर सान्डर गिऱ्हाइकांच्या शोधात सायकलवरून वेस्टरवाल्ड या डोंगराळ भागात जात असत. हा त्यांचाच मुलूख होता. त्यांचे वडील खाणीवर सुतारकाम करीत, आणि सान्डर स्वतःही लहानपणी खाणीवर कामाला होते. तेथे आलेल्या एका छायाचित्रकाराच्या मदतीस त्यांना देण्यात आले तेव्हा कॅमेऱ्याशी त्यांची ओळख झाली. वेस्टरवाल्डमधील शेतकऱ्यांची आरंभीची चित्रे ही त्या शेतकऱ्यांनीच पैसे देऊन काढून घेतलेली चित्रे आहेत. पुढे कोलोनमधील चित्रकार फ्रान्त्स व्हिल्हेल्म जायव्हर्ट आणि त्यांच्या पुरोगामी मित्रमंडळाशी परिचय झाल्यावर सान्डर यांनी याच जुन्या निगेटिव्हांचे नव्या कागदावर प्रिंट काढले आणि त्यांना प्रकल्पात स्थान दिले. म्हणजे एकाच काचेला दोन आयुष्ये लाभली : एक घराच्या भिंतीवर, नातेवाइकांच्या ओळखीच्या नजरेत, दुसरे पोर्टफोलिओत, 'शेतकरी' या शीर्षकाखाली.

३

या संथ साधनाचा चित्रित व्यक्तीवर होणारा परिणाम वाल्टर बेन्यामिन यांनी १९३१ च्या आपल्या छायाचित्रणविषयक निबंधात नेमकेपणाने ओळखला होता. १८४० च्या दशकात हिल आणि अ‍ॅडमसन यांनी स्कॉटलंडमध्ये काढलेल्या चित्रांविषयी लिहिताना ते सुचवितात की, दीर्घ एक्स्पोजरमुळे माणसे त्या क्षणातून निसटण्याऐवजी त्या क्षणात मुरत जात. जणू चित्रात हळूहळू वाढत जात. त्याच निबंधात पुढे सान्डर येतात, पण तेथे बेन्यामिन यांचा रोख बदलतो. सत्तांतराच्या काळात चेहरे वाचता येणे ही जगण्याची गरज ठरणार असल्याने 'काळाचा चेहरा' हा त्यांना सरावासाठीचा नकाशासंग्रह वाटतो. निबंधाच्या या दोन टोकांना बेन्यामिन स्वतः जोडत नाहीत. आरंभीच्या छायाचित्रांचे तेजोवलय हे एका लयाला गेलेल्या काळाचे लक्षण, आणि सान्डर यांची चित्रे हे नव्या, तेजोवलयरहित काळाचे हत्यार, अशी त्यांची विभागणी आहे. सान्डर यांच्या चित्रांतही एक्स्पोजर काही सेकंदांचे असे, ही वस्तुस्थिती या विभागणीत बसत नाही.

काही सेकंद हा काळ थोडा वाटतो. भिंगासमोर उभ्या असलेल्या माणसासाठी तो थोडा नसतो. एका क्षणाचा भाव टिकविता येतो, अनेक सेकंदांचा नाही. ओढूनताणून आणलेले हसू तेवढ्या वेळात विरते, आणि उसना आवेश सैल पडतो. माणसाला स्वतःच्या अंगात असे काही शोधावे लागते की जे न हलता धरून ठेवता येईल. हे शोधणे ही एक कृती आहे. तिला 'पोझ' म्हणून निकालात काढणे योग्य नाही, कारण पोझ बाहेरून सांगता येते, ही स्थिती ज्याची त्यालाच सापडते.

१९२८ मधील 'गवंड्याचा हातमदतनीस' या चित्रात एक तरुण मजूर खांद्यांवरच्या फळीवर विटा रचून उभा आहे. पार्श्वभूमी अंधारी आहे, विटांची रास डोक्याच्या मागे सममितीत पसरली आहे आणि नजर सरळ भिंगात आहे. या चित्राची चर्चा बहुधा श्रमाच्या प्रतीकाच्या अंगाने होते. परंतु विटांचे वजन हे येथे प्रतीक होण्यापूर्वी वजन आहे. ते खांद्यावर असताना माणूस थांबला आहे, छायाचित्रकाराच्या सोयीसाठी त्याने ते आणखी काही क्षण पेलले आहे, आणि चेहऱ्यावर त्या पेलण्याची खूण उमटू द्यायची की नाही हे त्याने ठरविले आहे. चित्रातील शांतपणा हा त्याच्या निर्णयाचा भाग आहे. त्याच वर्षीच्या 'केक-मिठाई करणारा' या चित्रातील गोल, जाडजूड देहाचा कारागीर पांढरा लांब डगला घालून आपल्या स्वयंपाकघरात मोठ्या भांड्यापाशी उभा आहे. तो काम करताना दिसत नाही; काम थांबवून उभा राहिलेला दिसतो. या थांबण्यात एक प्रतिष्ठा आहे आणि किंचित विनोदही आहे. तो विनोद छायाचित्रकाराने त्याच्यावर लादलेला नाही, त्याच्या ताठपणातच तो आहे.

४

केवळ संथपणा मात्र पुरेसा नसतो, आणि हे समजून घेण्यासाठी युरोपपेक्षा मुंबईचे उदाहरण अधिक उपयोगाचे आहे. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या संस्थापक सभासदांपैकी एक असलेल्या विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के यांनी संपादिलेले 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले. या चित्रांच्या वेळी वापरात असलेली ओल्या कोलोडियनची पद्धतही संथच होती. काचेवर लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे. एक्स्पोजर सेकंदांत मोजले जाई. म्हणजे समोर बसलेल्या माणसाला येथेही काळ मिळत होता. तरीही या चित्रांतील माणसे सान्डर यांच्या माणसांसारखी समोर येत नाहीत.

याचे कारण जॉन्सन यांच्या कार्यपद्धतीत सापडते. त्यांच्या खंडांतील अनेक चित्रे संयुक्त आहेत. माणसांचा समूह एका ठिकाणी टिपलेला, आणि त्यामागे मुंबईतील एखादे देऊळ, रस्ता किंवा किनारा वेगळ्या निगेटिव्हवरून छापून जोडलेला. पायाखालची जमीन त्या माणसांची नाही. ती त्यांना नंतर, त्यांच्या अनुपस्थितीत, नमुन्याला शोभेल अशी दिली गेली. चित्र कोणासाठी काढले जात आहे, ते कोठे जाणार आहे आणि त्याखाली काय लिहिले जाणार आहे, या प्रश्नांवर त्या माणसांचा कोणताही अधिकार नव्हता. वसाहतीच्या काळातील या संग्रहांत वर्गीकरण चित्राच्या आधी पूर्ण झालेले असते; माणूस त्या रिकाम्या चौकटीत आणून बसविला जातो.

सान्डर यांच्या शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन त्याची असते. मागचे घर, झाड, रस्ता वा भिंत त्याच्या ओळखीची असते. चित्राची एक प्रत त्याच्या घरात राहणार हे त्याला ठाऊक असते. वर्गीकरण येथेही आहे, आणि ते मोठ्या महत्त्वाकांक्षेने केलेले आहे. परंतु ते चित्रानंतर येते. या क्रमामुळे शीर्षक आणि प्रतिमा यांच्यात एक फट राहते. काळ, जमीन आणि चित्रावरचा हक्क या तीन गोष्टी एकत्र आल्या की ही फट निर्माण होते, आणि त्या फटीतून व्यक्ती दिसते.

५

या फटीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९१४ मधील 'तरुण शेतकरी' हे चित्र. गडद सूट, हॅट आणि हातात काठी घेतलेले तीन तरुण शेतातल्या वाटेवर उभे आहेत. नृत्याच्या कार्यक्रमाला चालले असता कोणी हाक मारावी आणि त्यांनी खांद्यावरून वळून पाहावे, तशी त्यांची शरीरे अर्धवट वळलेली आहेत. डावीकडच्याच्या ओठांत सिगारेट आहे, त्याची हॅट कलती आहे आणि काठी तिरकी रोवलेली आहे. उरलेले दोघे अधिक सावध, अधिक ताठ आहेत. रिचर्ड पॉवर्स यांनी १९८५ मध्ये याच चित्राभोवती आपली पहिली कादंबरी रचली.

जॉन बर्जर यांनी १९७९ मध्ये या चित्रावर लिहिलेला निबंध आज अभिजात मानला जातो. बर्जर यांचे म्हणणे थोडक्यात असे : सूट हा बैठ्या सत्ताधारी वर्गाचा पोशाख. शेतीच्या श्रमाने घडलेल्या शरीरांवर तो चढला की ती शरीरे बेढब, विसंगत दिसू लागतात, आणि तो पोशाख स्वीकारण्यातून त्या वर्गाचे सांस्कृतिक वर्चस्व स्वीकारले जाते. चेहरे झाकून केवळ सूट पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते, असेही ते सुचवितात. ग्राम्शी यांची वर्चस्वाची संकल्पना एका कापडाच्या शिवणीपर्यंत आणून दाखविणारे हे वाचन आहे आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

तथापि या वाचनाचा आधार असलेली एक गोष्ट पुढील संशोधनात डळमळली. हे तिघे रूढ अर्थाने शेतकरी नव्हतेच. जवळच्या लोखंडाच्या खाणीत आणि तिच्या कचेरीत ते कामाला होते. त्यांपैकी एक जण पहिल्या महायुद्धात मारला गेला. 'शेतकरी' हा शब्द सान्डर यांच्या योजनेने त्यांना दिला, आणि बर्जर यांनी शरीरांचे वाचन त्या शब्दाच्या प्रकाशात केले. नांगराने घडविलेली म्हणून जी ठेवण त्यांना दिसली, ती निदान काही अंशी शीर्षकाने घडविलेली होती. खाणीतले श्रमही शरीरालाच घडवितात, हे खरे. पण पगारदार खाणकामगाराचे किंवा कचेरीतल्या नोकराचे सूटशी असलेले नाते वेगळे असते. सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच्या कमाईचा पोशाख घालतो, आणि गावातल्या शेतीपासून आपण वेगळे झालो आहोत हे त्यातून सांगतो. ओठांतली सिगारेट आणि कलती हॅट या दृष्टीने पाहिली तर तेथे वर्चस्वाचा निमूट स्वीकार दिसत नाही. नव्या जीवनाची हौस दिसते, थोडा उर्मटपणा दिसतो.

येथे बर्जर चुकले एवढेच सांगण्यात अर्थ नाही. महत्त्वाचे हे की, त्यांची चूक दुरुस्त करण्याची सामग्री चित्रातच होती, आणि ती चेहऱ्यांत व उभे राहण्याच्या तऱ्हेत होती. म्हणजे बर्जर यांनी जे झाकून पाहावयास सांगितले, नेमके त्यातच. शीर्षकाने दिलेली ओळख त्या तिघांनी स्वीकारलेली नव्हती. त्यांनी भिंगासमोर आपली वेगळी ओळख उभी केली होती, आणि काचेने ती राखून ठेवली. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर निवेदकाने पात्राविषयी दिलेली माहिती आणि पात्राच्या संवादातून मिळणारी माहिती यांत विसंगती आढळावी, आणि वाचकाने पात्रावर विश्वास ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. अ‍ॅलन सेकुला यांनी १९८० च्या दशकातील आपल्या लेखनात दाखवून दिले की, एकोणिसाव्या शतकापासून व्यक्तिचित्राची दोन रूपे परस्परांच्या सावलीत वाढली : प्रतिष्ठितांचा गौरव करणारे, आणि गुन्हेगारांची नोंद ठेवणारे. सान्डर यांच्या विचारांनाही ही टीका लागू पडते. १९३१ मध्ये कोलोनच्या नभोवाणीवर दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी छायाचित्राला जागतिक भाषा म्हटले, आणि चेहऱ्यावरून माणसाचे जीवन व काम वाचता येते असा विश्वास व्यक्त केला. हे मुखसामुद्रिक निरुपद्रवी नव्हते. त्याच काळात हान्स गुंथर यांच्यासारखे लेखक जर्मन लोकांच्या वंशशास्त्रावरील सचित्र ग्रंथांत चेहऱ्यांची छायाचित्रे पुरावा म्हणून छापत होते. साधन तेच, श्रद्धाही बरीचशी तीच. मग फरक कोठे राहिला?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासानेच एका क्रूर प्रयोगाने दिले. १९३६ मध्ये नाझी राजवटीने 'काळाचा चेहरा'च्या उरलेल्या प्रती जप्त केल्या आणि छपाईचे ठसे नष्ट केले. रोलाँ बार्थ यांच्या मते हे चेहरे नाझींच्या वांशिक आदर्शाशी जुळत नव्हते. घरातील राजकीय पार्श्वभूमीही दुर्लक्षिता येत नाही. सान्डर यांचा थोरला मुलगा एरिक हा डाव्या समाजवादी कामगार पक्षाचा कार्यकर्ता होता. १९३४ मध्ये त्याला अटक झाली आणि दहा वर्षांची शिक्षा झाली.

१९३८ च्या सुमारास कोलोनमधील अनेक ज्यू नागरिक सान्डर यांच्या स्टुडिओत आले. नव्या कायद्यानुसार त्यांना वेगळे ओळखपत्र बाळगणे सक्तीचे झाले होते, आणि त्यावरील छायाचित्रात डावा कान दिसलाच पाहिजे असा नियम होता. येथे वर उल्लेखिलेल्या तीन अटींपैकी दोन हिरावलेल्या आहेत. जमीन पायाखालून काढून घेतली जात आहे, आणि चित्र कोठे जाणार हे राज्यसंस्थेने ठरविले आहे. राहिला आहे तो केवळ काळ. खुर्चीत बसलेल्या या स्त्रीपुरुषांच्या चेहऱ्यांत भीतीचे प्रदर्शन नाही, विनवणी नाही. नियमाला हवे तसे ते वळले आहेत, आणि नियमाला जे नको होते तेही त्यांनी तेथे आणले आहे : आयुष्यभर या शहरात वकील, व्यापारी, गृहिणी म्हणून वावरलेल्या माणसाची बसण्याची सवय. युद्धानंतर सान्डर यांनी ही चित्रे 'छळ झालेली माणसे' या शीर्षकाने आपल्या प्रकल्पात घेतली. नाझी अधिकारी आणि सैनिक त्याच प्रकल्पात अन्यत्र, तशाच प्रकाशात, तेवढ्याच अंतरावर उभे आहेत.

या ठिकाणी शीर्षकाचे कार्य पूर्णपणे पालटते. नमुन्याचे नाव आता व्यवसायाचे किंवा वंशाचे नाही. त्या माणसांवर झालेल्या अन्यायाचे आहे. राज्यसंस्थेने ज्या चित्रांतून 'ज्यू' हा वर्ग घडविला, त्याच चित्रांतून सान्डर यांनी तो वर्ग घडविणाऱ्याचे कृत्य नोंदविले. वर्गीकरणाची पद्धत तीच ठेवून तिचा रोख उलटविण्याचे हे उदाहरण सेकुला यांच्या मांडणीत बसत नाही. ती मांडणी अभिलेखाच्या सत्तेचे वर्णन समर्थपणे करते. अभिलेखात बसविलेली माणसे त्याच्याविरुद्ध साक्ष कशी देऊ शकतात, हे सांगण्याची सोय तिच्यात नाही. बार्थ यांच्या मांडणीतही ती नाही. चित्रातील बोचणारा तपशील ते प्रेक्षकाच्या खासगी जखमेशी जोडतात. येथील बोच खासगी नाही, आणि ती प्रेक्षकाने आणलेलीही नाही.

राजकीय कैद्यांचा पोर्टफोलिओ याही पुढे जातो, कारण त्यातील चित्रे एरिक सान्डर याने तुरुंगात काढलेली आहेत. झीगबुर्गच्या तुरुंगात त्याच्याकडे छायाचित्रकाराचे काम आले होते, आणि त्याने आपल्या सहकाऱ्यांचे चेहरे टिपले. चित्र काढणारा आणि चित्रात असणारा हे दोघेही येथे बंदिवान आहेत. १९४४ मध्ये, शिक्षा संपण्यास काही महिने उरले असताना, उपचारांअभावी एरिकचा मृत्यू झाला. त्याच्या चेहऱ्याच्या मृत्युमुखवट्याचे छायाचित्र सान्डर यांनी मालिकेत समाविष्ट केले. या एका चित्रात भिंगासमोरचा चेहरा काहीही करीत नाही. एक्स्पोजर कितीही लांबविले तरी तेथे काही मुरत नाही, काही वाढत नाही. अन्य सर्व चित्रांत चित्रित माणूस किती काम करीत होता, हे या चित्राजवळ आल्यावर समजते.

कोलोनमधील घर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. सुमारे दहा हजार निगेटिव्ह सान्डर यांनी आधीच वेस्टरवाल्डमधील कूखहाउझेन या खेड्यात हलविले होते. तळघरात उरलेल्या काचांपैकी पंचवीस ते तीस हजार १९४६ च्या आगीत गेल्या.

७

जुन्या कॅमेऱ्यांविषयीची आजची ओढ या पार्श्वभूमीवर तपासून पाहावी लागते. फिल्म बनविणाऱ्या कंपन्यांनी एकेक उत्पादन बंद केले, कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोमचे उत्पादन थांबविले. तरी रोलायफ्लेक्स, हॅसलब्लाड आणि मोठ्या प्लेटचे लाकडी कॅमेरे व्यक्तिचित्रासाठी वापरणाऱ्यांची एक परंपरा टिकून आहे. या निवडीचे समर्थन पुष्कळदा फिल्मचा पोत, कडांवरचा धूसरपणा, अनपेक्षित डाग अशा गुणांच्या आधारे केले जाते. हे गुण आता संगणकावरही निर्माण करता येतात, आणि म्हणून ते समर्थन दुबळे आहे. ज्याची नक्कल करता येते ते त्या साधनाचे मर्म नव्हे.

रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातील खाणकामगार, भटके, खाटीक आणि वेट्रेस यांची चित्रे आठ बाय दहा इंची डिअरडॉर्फ कॅमेऱ्याने काढली. आपले चित्र काढले जात आहे हे माहीत असलेला माणूस त्या माहितीचे जे करतो तेही चित्राचाच भाग असते, अशा आशयाचे विधान त्यांनी या संग्रहाच्या प्रास्ताविकात केले आहे. सिद्धान्त म्हणून ते येथील प्रतिपादनाच्या अगदी जवळचे आहे. पण अ‍ॅव्हेडन यांनी प्रत्येक माणसाला पांढऱ्या कागदासमोर उभे केले. त्याची जमीन काढून घेतली. जॉन्सन यांनी माणसांना खोटी पार्श्वभूमी दिली, अ‍ॅव्हेडन यांनी कोणतीच दिली नाही. दोन्हींमागचे हेतू अगदी भिन्न असले तरी माणसाचा एक आधार दोन्हीकडे हरवतो. अ‍ॅव्हेडन यांच्या संग्रहावर माणसांना विचित्र करून दाखविल्याचा आरोप झाला, त्याचे मूळ या कागदात शोधता येईल. साधन जुने असले म्हणजे नाते आपोआप न्याय्य होत नाही, हेच येथेही दिसते.

संस्कृतात 'व्यक्ति' या शब्दाचा मूळ अर्थ 'प्रकट होणे' असा आहे. 'व्यक्त' हे त्याच धातूचे रूप. मराठीत तो शब्द प्रकट होणाऱ्या माणसासाठी रूढ झाला आणि त्यातील क्रिया विसरली गेली. सान्डर यांची चित्रे ती क्रिया परत आणतात. छायाचित्रणाच्या समीक्षेने आजवर काढणाऱ्याचा हेतू, पाहणाऱ्याची प्रतिक्रिया आणि व्यवस्थेचे डावपेच यांची परिभाषा पुरेशी विकसित केली आहे. भिंगासमोर काही सेकंद स्थिर राहून स्वतःला प्रकट करणाऱ्या माणसाच्या कृतीसाठी तिच्याजवळ अद्याप परिभाषा नाही. ती घडविताना लिखित व्यक्तिचित्राचीही पुनर्तपासणी करावी लागेल. आपल्याविषयी लिहिले जात आहे हे ज्याला माहीतच नव्हते, अशा माणसाचे शब्दचित्र कितीही प्रेमाने रेखाटलेले असले, तरी त्यात त्या माणसाचा वाटा किती, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. वेस्टरवाल्डच्या वाटेवर वळून उभे राहिलेले ते तिघे तो विचारावयास भाग पाडतात.